उरलेली पंचावन्न

1867 साली दिमित्री मेंडेलीव्हला सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. असेंद्रिय रसायन शिकवायला मनासारखं रशियन पुस्तक नव्हतं, म्हणून गडी स्वतःच लिहायला बसला. पहिला खंड संपत आला तेव्हा हिशेब भलताच निघाला. माहीत असलेली मूलद्रव्यं 63, शिकवून झालेली जेमतेम 8. उरलेली 55 एका खंडात कोंबायची कशी?

एकेक घेत बसणं शक्यच नव्हतं. मग त्याने कुळं लावली: सोडियम-पोटॅशियम एकीकडे, क्लोरीन-ब्रोमीन दुसरीकडे. ही कुळं अणुभाराच्या क्रमाने शेजारी मांडली आणि 1869 मध्ये तक्ता उभा राहिला. अकरावीत आपण घोकतो त्या आवर्तसारणीचा जन्म असा, सिलॅबस पुरा करण्याच्या घाईत.

काही घरं रिकामी राहिली, ती त्याने रिकामीच ठेवली. ॲल्युमिनियमखालच्या घराला नाव दिलं ‘एका-ॲल्युमिनियम’. हा ‘एका’ म्हणजे आपला संस्कृतातला ‘एक’. 1875 मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द बुआबोद्राँला गॅलियम सापडलं. त्याने मोजलेली घनता होती 4.7. मेंडेलीव्हने कळवलं, 5.9 च्या आसपास हवी. धातू त्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता! बुआबोद्राँने नमुना शुद्ध करून पुन्हा मोजलं.

5.9 भरली.