सिरियमचा इलेक्ट्रॉन गेला कुठे?

लायटरचं चाक अंगठ्यानं फिरवलं की ठिणगी उडते. ती ज्या बारीकशा खड्यातून उडते, त्यात लोखंडाबरोबर सिरियम नावाचा धातू असतो. या धातूनं शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं कोड्यात टाकलं आहे.

१९२७ सालची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पर्सी ब्रिजमन पदार्थांवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. सिरियमवरचा दाब वातावरणाच्या सात-आठ हजार पट झाला, आणि धातू एकाएकी आकसला. थोडाथोडका नव्हे, शेकडा सुमारे १५! आतल्या अणूंची मांडणी बदलली असणार, असं कोणीही म्हणेल. पण १९४९ साली लॉसन आणि टँग यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, तो मांडणी जशीच्या तशी. अणू तेवढे जवळ आलेले.

मग बदललं काय? झकारियासन आणि पॉलिंग यांनी सुचवलं की, अणूच्या आतल्या कक्षेत घर करून बसलेला एक इलेक्ट्रॉन दाबामुळे बाहेर पडतो आणि वीज वाहणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो. संयुजा तीनावरून चाराकडे जाते, अणू लहान होतो. उत्तर मोठं सुटसुटीत होतं. पण १९६९ साली पॉझिट्रॉनांच्या साहाय्यानं तपास झाला, तेव्हा तो इलेक्ट्रॉन बहुतांशी घरातच सापडला!

तेव्हा प्रश्नच बदलावा लागला. इलेक्ट्रॉन गेला नाही. मग शेजाऱ्यांशी त्याचं नातं बदललं का? १९७४ साली योहान्सन म्हणाले, हे इलेक्ट्रॉन एकेका अणूचे न राहता साऱ्या धातूचे होतात. १९८२ साली ॲलन आणि मार्टिन म्हणाले, मोकळे इलेक्ट्रॉन त्याला वेढून त्याची चुंबकता झाकतात. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

नात्याचा हा विचार इतरत्रही कामी आला. सिरियमच्या काही संयुगांत, अतिशय थंडीत, इलेक्ट्रॉन शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. १९७९ साली जर्मनीत स्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सिरियम, तांबं आणि सिलिकॉन यांच्या अशाच एका संयुगात अतिसंवाहकता आढळली.

आता पाण्याचं उदाहरण घ्या. पुरेशा दाबाखाली ३७४ अंश सेल्सियसला पाणी आणि वाफ यांतला भेदच संपतो. सिरियमच्या दोन रूपांतला भेदही तापमान आणि दाब वाढवत नेल्यास असाच एका टोकाला संपतो. एखाद्या संयुगात हे टोक निरपेक्ष शून्यापाशी आलं तर? तिथं उष्णतेची धडपड थांबलेली. उरते ती क्वांटमची चंचलता. स्टेग्लिश यांच्या संयुगावर मोठा दाब दिला की अतिसंवाहकता निरपेक्ष शून्याच्या वर २ अंशांपलीकडेही टिकते. ती संयुजेच्या या चंचलतेमुळेच, असं जपानच्या मियाके यांनी मांडलं. अजून ते सर्वमान्य नाही.

स्पष्टीकरणं अशी आली आणि गेली. ब्रिजमन यांनी मोजलेलं ते आकसणं मात्र होतं तिथंच आहे, आणि प्रत्येक नव्या उत्तराला आधी त्याचाच हिशेब द्यावा लागतो.