विदर्भातील दलित स्त्रियांची अक्षरयात्रा

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार पुरुषांची साक्षरता सुमारे ९० टक्के, तर स्त्रियांची सुमारे ७५ टक्के होती. या अंतरामागे मोठा इतिहास आहे. विद्येला वधूचा मान देणाऱ्या विदर्भात दलित स्त्रीला अक्षरओळखीसाठी तर झगडावे लागलेच; पण शिकून तयार झाल्यावरही तिची वाट अडविली गेली.

महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या देशाच्या दक्षिणेतील अनेक राज्यांत कृष्णवर्णीय गुलामांना लिहा-वाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत तसा कायदा नव्हता. त्याची गरजही नव्हती. रूढी पुरेशी होती. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

विदर्भात ही वाट ज्यांनी पाडली, त्यांत जाईबाई चौधरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८९२ मध्ये उमरेडच्या महार कुटुंबात झाला. दुष्काळामुळे कुटुंब नागपुरात आले आणि जाईबाईंच्या वाट्याला हमाली आली. डोक्यावर ओझे घेऊन त्या नागपूर ते कामठी पायी जात. या कष्टांतच मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या मदतीने त्या मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते, हे समजताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. नोकरी गेली, परंतु जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा स्वतःच उभी केली.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९३७ मध्ये, अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तेथे जेवणाच्या वेळी दलित स्त्रियांना वेगळे बसविण्यात आले. परिषद सुशिक्षित स्त्रियांची होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथामुळे अशा अनेक स्त्रियांचे कार्य वाचकांपुढे आले.

स्वातंत्र्यानंतर कुमुद सोमकुवर या नागपूरच्या तरुणीने तर थेट संस्कृतच निवडले. एम.ए.ला उत्तम यश मिळूनही दोन वर्षे नोकरी मिळेना. पुढे त्यांनी मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, आडनाव बदलले आणि काही महिन्यांतच अध्यापनाचे काम मिळाले. पदवी तीच, गुण तेच. हा अनुभव कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) या आत्मकथनात कसलाही आडपडदा न ठेवता नोंदविला आहे.