सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या

२६ सप्टेंबर २००७ ची गोष्ट. अमेरिकेच्या सिनेटमध्ये इराणसंबंधीच्या एका प्रस्तावावर मतदान झालं. बाजूने ७६, विरुद्ध २२. सिनेटचे सभासद १००. मग उरलेले दोघे कोण? एक बराक ओबामा आणि दुसरे जॉन मॅकेन! दोघेही राष्ट्राध्यक्षपदासाठी धडपडत होते. हिलरी क्लिंटन मात्र त्या दिवशी सभागृहात होत्या आणि त्यांनी बाजूने मत दिलं. पुढे ओबामांनी त्यांच्यावर त्याच मतावरून टीका केली. म्हणजे परीक्षेला न बसलेल्या मुलाने बसलेल्या मुलाचे गुण काढायचे, तसलाच प्रकार.

आपल्याकडे असं होतं का? सहजी होत नाही, पण त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. तिकडे सभासद सभागृह सोडून प्रचाराला जातो, आपल्याकडे सभागृहच प्रचार संपायची वाट बघतं. २०१७ साली गुजरातचं मतदान १४ डिसेंबरला संपलं आणि संसदेचं हिवाळी अधिवेशन १५ ला सुरू झालं. २०१८ मध्ये ते सुरू झालं ११ डिसेंबरला, म्हणजे पाच राज्यांची मतमोजणी होती नेमकं त्याच दिवशी. सगळी शाळाच उशिरा भरवली की कुणाची गैरहजेरी लागत नाही.

पण एक मत म्हणजे किती, हे पाहायचं असेल तर १९७० साल आठवावं. संस्थानिकांचे तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक. यशवंतराव चव्हाण गृहमंत्री असताना त्यांनी संस्थानिकांशी बरीच बोलणी केली होती, त्यातून काही निघालं नाही. विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि ५ सप्टेंबरला राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरुद्ध ७५. साध्या कायद्याला हे बहुमत म्हणजे दुप्पट झालं असतं. पण घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. २२४ चे दोन तृतीयांश काढा, १४९ पूर्णांक एक तृतीयांश येतात! विधेयक पडलं ते एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने. बाजूचा आणखी एक सभासद आला असता तर २२५ पैकी १५० झाले असते आणि गणित बरोब्बर सुटलं असतं. मग सरकारने राष्ट्रपतींचा आदेश काढून संस्थानिकांची मान्यताच काढली, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश डिसेंबरात रद्द केला, त्याच महिन्यात लोकसभा बरखास्त झाली. तनखे शेवटी १९७१ च्या अखेरीस गेले. अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण सांगण्यासारखं आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. ४ जुलै २०२२ ला ठाण्याच्या एकनाथ शिंदे यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ असा जिंकला. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार पोचेपर्यंत सभागृहाची दारं बंद झाली होती. निकाल काही त्यांच्यामुळे बदलला नसता, फरकच मोठा होता. असो.

मला खरी टोचणारी गोष्ट २०२४ ची आहे, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. त्या वर्षी विधानसभेतले सात आमदार लोकसभेवर निवडून गेले. धारावीच्या वर्षा गायकवाड, सोलापूर शहर मध्यच्या प्रणिती शिंदे, वरोऱ्याच्या प्रतिभा धानोरकर, दर्यापूरचे बळवंत वानखडे, पैठणचे संदिपान भुमरे, जोगेश्वरी पूर्वचे रवींद्र वायकर आणि पारनेरचे निलेश लंके. लंके यांनी तर आधीच मार्चमध्ये राजीनामा दिला होता. उमरेडचे राजू पारवे यांनीही मार्चमध्येच आमदारकी सोडली, रामटेकहून लोकसभा लढवली आणि हरले. कायद्याने दोन्हीकडे राहता येत नाही, ते योग्यच आहे. पण रिकाम्या जागेची पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यायची, हा नियम मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल तर लागू होत नाही. विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्ये संपत होती. जागा तशाच राहिल्या.

आणि त्याच काळात काय काय झालं बघा. २८ जूनला अजित पवारांनी अर्थसंकल्प मांडला, लाडकी बहीण योजना त्यातलीच. त्यावर बोलायला, मत द्यायला या मतदारसंघांचं कुणीही नव्हतं. १२ जुलैला विधान परिषदेच्या ११ जागांची निवडणूक झाली, उमेदवार १२. २८८ च्या सभागृहात मतदार उरले होते २७४. चौदा खुर्च्या रिकाम्या, त्यातल्या सात लोकसभेवर गेलेल्यांच्या. काही जागा निधनाने रिकाम्या झाल्या, त्याला इलाज नाही. शेकापचे जयंत पाटील पडले, त्यांना पहिल्या पसंतीची १२ मतं मिळाली. निवडून यायला २३ लागत होती. काँग्रेसचे चार आमदार दिल्लीला गेले नसते तर ते आले असते असं मी म्हणणार नाही, कारण काँग्रेसची मतं फुटल्याचं त्यांच्याच नेत्यांनी सांगितलं. पण दारं तर त्या मतदारसंघांनाही बंदच होती.

आमच्या खडवलीसारख्या गावात आमदार म्हणजे काय? कसाऱ्याच्या लोकलसाठी निवेदन, रस्त्याचं काम, कुणाच्या ऑपरेशनसाठी शिफारसपत्र. उमरेडच्या माणसाने मार्च ते नोव्हेंबर हे पत्र कुणाकडे मागायचं? दिल्लीला जाऊ नये असं नाही. ठाण्याचे रामभाऊ म्हाळगीसुद्धा आधी आमदार आणि मग १९७७ साली खासदार झाले. पण ते आपल्या कामाचा अहवाल दरवर्षी छापून मतदारांना देत असत. आता असा अहवाल द्यायचा म्हटलं तर या आठ महिन्यांच्या पानावर काय लिहायचं?

नोव्हेंबरात त्या जागा भरल्या. धारावीत वर्षाताईंची बहीण निवडून आली, पैठणला भुमऱ्यांचे चिरंजीव. पारनेरला आणि जोगेश्वरीला दोघांच्या पत्नी उभ्या होत्या, त्या पडल्या.