‘मे आय कम इन, सर?’ सगळ्यांना येतं. त्यापुढची वर्गातली इंग्रजी वाक्यं कोणती?

इन्स्टाग्रामवर ‘वर्गात बोलायची ५० इंग्रजी वाक्यं’ अशी रील दर दोन दिवसांनी समोर येते. लोक सेव्ह करतात आणि विसरतात. पण अशी एखादी यादी नीट वाचून बघा. सिट डाऊन, ओपन युअर बुक्स, कीप क्वाएट, फिनिश युअर होमवर्क. यातली बहुतेक वाक्यं शिक्षकांची आहेत. मुलाने म्हणायचं वाक्य शोधलं तर एक सापडतं, ‘मे आय कम इन?’ दारातून आत आल्यावर त्याने काय बोलायचं, हे यादीत नसतं.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न जरा जास्तच खरा आहे. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. नंतर सेमी-इंग्रजी आलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मंचर, नारायणगाव, ओतूरकडची कितीतरी मुलं याच वाटेने दहावी होतात आणि अकरावी सायन्सला गेली की एकदम गप्प होतात.

तिसरी वाट आणखी अवघड आहे. आदिवासी विकास विभागाची एक योजना आहे, जिच्यात अनुसूचित जमातीच्या मुलांना ‘नामांकित’ इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश मिळतो आणि खर्च सरकार करतं. या भागातल्या आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावला आहे. आता विचार करा, आहुपे किंवा घाटघरकडचं सहा वर्षांचं पोर. घरी बोली वेगळी, अंगणवाडीत मराठी ऐकलेली. ते एका सकाळी अशा वर्गात बसतं जिथे सगळं इंग्रजीत चाललंय, आणि संध्याकाळी घरीही जायचं नाहीये. त्याला सगळ्यात आधी कोणती वाक्यं लागतील? ‘कीप क्वाएट’ तर नक्कीच नाही.

आधी पोट, मग पुस्तक

मराठी शाळेत करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ म्हटलं की काम होतं. इंग्रजीत ‘मे आय गो टू द टॉयलेट?’ हे पहिलं वाक्य. ‘मे’च्या जागी ‘कॅन’ चालतं, त्यावरून कुणी अडवू नये.

त्यानंतर दुखणंखुपणं. पोट दुखतंय याचं शब्दशः भाषांतर करून ‘माय स्टमक इज पेनिंग’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. समजतं सगळ्यांना, पण इंग्रजीत ‘माय स्टमक हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ स्टमक-एक’ म्हणतात. चक्कर येतेय, ‘आय फील डिझी’. मळमळतंय, ‘आय फील सिक’. इथे सिक म्हणजे नुसतं आजारी नाही, उलटीसारखं होतंय असा अर्थ निघतो. कुणी मारलं तर ‘ही हिट मी’. घरची आठवण येतेय याला ‘आय ॲम रिमेंबरिंग माय होम’ नाही, ‘आय मिस होम’. तीन शब्द आहेत, पण वसतिगृहातल्या पोराला हेच तीन शब्द आधी लागतात.

आणि एक वाक्य जे प्रत्येक मुलाला पाठ हवं, ‘आय कान्ट सी द बोर्ड’. फळ्यावरचं दिसत नाही हे सांगता आलं नाही म्हणून वर्षभर चुकीचं उतरवून घेणारी मुलं असतात. त्यांना अभ्यासाची नाही, चष्म्याची गरज असते.

कळलं नाही, हे कसं सांगायचं?

‘अंडरस्टूड?’ असं विचारलं की अख्खा वर्ग ‘येस सर’ म्हणतो. हा सवयीचा भाग झाला. ज्याला कळलेलं नसतं त्याच्याकडे बहुतेकदा एकच वाक्य असतं, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’. एक तर अंडरस्टँड, नो, रिमेंबर यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही, त्यामुळे ‘आय डिडन्ट अंडरस्टँड’ किंवा ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणावं. दुसरं म्हणजे एवढ्याने शिक्षकांना काहीच कळत नाही. कुठे गाडी अडली ते सांगितलं तर ते मदत करू शकतात. ‘आय अंडरस्टूड द फर्स्ट स्टेप, बट नॉट द सेकंड.’ शब्द अडला असेल तर ‘व्हॉट डझ धिस वर्ड मीन?’ आणि लिहायला अडलं तर ‘हाऊ डू यू स्पेल इट?’

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य वेगळंच आहे. ‘हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?’ हे एक आलं की बाकीचे शब्द मूल स्वतः मिळवतं. पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करून घर चालतं, त्या मुलाने ‘हाऊ डू यू से हिरडा इन इंग्लिश?’ विचारलं तर कदाचित शिक्षकांनाच शोधावं लागेल. उत्तर आहे मायरोबॅलन. जुन्नरकडे बिबट्यालाही लोक ‘वाघ’च म्हणतात, त्यामुळे वर्गात कुणी सरळ ‘टायगर’ म्हणून मोकळा होतो. तिथे ‘व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन अ टायगर अँड अ लेपर्ड?’ हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा चांगला.

आदर कुठे गेला?

मराठीत सांग, सांगा, सांगता का, सांगाल का अशी आदराची शिडीच आहे आणि ती क्रियापदात असते. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. त्यामुळे मूल मनात ‘परत सांगा ना’ म्हणत असतं, तोंडून ‘टेल मी अगेन’ निघतं आणि ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. चूक मुलाच्या वळणाची नाही, भाषेने आदर दुसऱ्या ठिकाणी ठेवलाय. तो ‘कुड यू’मध्ये आहे. ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ हा ‘कुड’ भूतकाळाचा नाही. तसंच ऐकू आलं नाही तर ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं, ‘सॉरी?’ म्हणून शेवटी आवाज चढवला की पुरतं. हे सॉरी म्हणजे माफी मागणं नाही.

दप्तरातले घोळ

आपण जिला कंपास म्हणतो ती पेटी इंग्रजीत ‘जॉमेट्री बॉक्स’. ‘कंपास’ हे त्यातल्या वर्तुळ काढायच्या साधनाचं नाव. कोनमापक म्हणजे प्रोट्रॅक्टर, गुण्या म्हणजे सेट स्क्वेअर, पट्टी म्हणजे रूलर. खोडरबराला भारतात आणि ब्रिटनमध्ये रबर चालतं. अमेरिकेत मात्र इरेजरच मागावं, तिथे रबर म्हणजे निरोध, आणि हशा पिकेल. ‘तुकडी’ला महाराष्ट्रात डिव्हिजन म्हणतात, बाहेरच्या राज्यांत तीच सेक्शन होते.

परीक्षा आपण ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’ असं तोंडात बसलंय. इंग्रजीत परीक्षा देणारा ती ‘टेक’ करतो, ‘गिव्ह’ करतात ते शिक्षक. ‘आय हॅव अ डाउट’ भारतात कुठेही चालेल, परदेशात त्यातून संशयाचा वास येतो, तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’. आणि ‘आय पास्ड आऊट इन २०२४’ ऐकून परदेशी माणूस तुम्ही बेशुद्ध पडला होता असं समजेल. पदवी झाली असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.

प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं

सेमीच्या मुलांचे गुण अनेकदा इथे जातात. ‘स्टेट’ म्हणजे फक्त सांगा, एका ओळीत नियम लिहून मोकळं व्हा. ‘एक्सप्लेन’ म्हणजे स्पष्ट करा, तिथे कारण आणि उदाहरण लागतं. ‘डिफाइन’ला व्याख्या. ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ म्हणजे फरक स्पष्ट करा, यात दोन्हीकडचे मुद्दे समोरासमोर हवेत, एकाचंच वर्णन करून चालत नाही. गणितात ‘फाइंड द व्हॅल्यू’ म्हणजे किंमत काढा, ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळून पाहा, ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करा. ज्याला ‘स्टेट’ म्हणजे फक्त राज्य माहीत आहे, तो न्यूटनचा नियम पाठ असूनही थबकतो.

ही वाक्यं शिकवायची कशी, यावर जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स. आधी ऐकायचं आणि अंगाने करायचं, बोलणं मागाहून. ‘स्टँड अप’ म्हटलं की उभं राहायचं, ‘टच द डोअर’ म्हटलं की दाराला हात लावायचा. पैसे लागत नाहीत आणि लहान मुलांना मजा येते. फक्त भूमिका अधूनमधून बदलाव्यात, मुलाने हुकूम द्यावा आणि बाईंनी दाराला हात लावावा. नाहीतर ऐकणं तेवढं जमतं आणि बोलणं राहून जातं.

प्रश्न विचारताना

मराठीत ‘हे कसं चालतं?’ विचारताना शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून ‘हाऊ इट वर्क्स?’ तयार होतं. इंग्रजीत ‘डझ’ मध्ये घुसतो आणि क्रियापदाचा ‘एस’ निघून जातो, ‘हाऊ डझ इट वर्क?’ हे वापरून बघायला जुन्नर तालुक्यातच चांगली जागा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांतली मुलं येतात. तिथे विचारता येईल, ‘व्हॉट इज इट मेड ऑफ?’, ‘व्हाय डझ इट मूव्ह सो स्लोली?’ उत्तर डोक्यावरून गेलं तर ‘कुड यू एक्सप्लेन दॅट इन मराठी, प्लीज?’ हेही बिनधास्त विचारावं.