जे. आर. डी. टाटा आणि त्यांच्याआधी गेलेली माणसे



आपल्या स्मरणिकेत दरसाल एखाद्या थोर व्यक्तीची ओळख करून देण्याची रीत आहे. बहुधा संत असतात, राणी असते, नाहीतर देशभक्त. यंदा मी एका विमान कंपनीच्या अध्यक्षांवर लिहिते म्हटले तेव्हा सभेत दोघीतिघी हसल्याच. वडनेरच्या बायांना विमानाचे काय! आपल्याला हमरस्त्यावरून हैदराबादेकडे जाणाऱ्या ट्रकांचाच आवाज पुरतो. पण उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजणाऱ्या आपणा सगळ्यांनीच आकाशातून सरकणारे ते लुकलुकणारे दिवे पाहिले आहेत. ते दिवे आपल्या डोक्यावर आणण्यासाठी कोणकोण खपले आणि त्यांतले कोण परत घरी आले नाहीत, ते सांगावे म्हणून हा लेख. मी सातवी शिकलेली बाई. विद्वत्तेचे काही लिहिणार नाही. वाचून ठेवलेले सांगते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच सगळ्यांचे जे. आर. डी., यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. घरची श्रीमंती होती आणि लहानपणापासून विमानाचे वेड होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालविण्याचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या परवान्यांत तो पहिल्या नंबरचा. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु विमानाने टपाल नेण्याची कल्पना मुळात त्यांची नव्हती, हे फारसे कुणी सांगत नाही. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक हिंदुस्थानात आले होते. ती योजना घेऊन ते टाटांकडे गेले. टाटांचे एक अधिकारी पीटरसन यांनी भर घातली, सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये देण्यास होकार दिला, आणि सरकारने पैशाची मदत नाकारली तरी काम उभे राहिले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून पस मॉथ नावाचे एका इंजिनाचे लहानसे विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाची थैली, वजन सुमारे २५ किलो. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल घ्यायचे. ते पेट्रोल विमानतळावर कशातून आले म्हणता? बैलगाडीतून! चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीवर लादून आणले होते. आपल्या बंडीने कापूस हिंगणघाटच्या बाजारात जातो, तसे त्या बंडीने हिंदुस्थानचे हवाई टपाल पुढे नेले, हे वाचून मला फार बरे वाटले. तो गाडीवान कोण होता, त्याचे नाव मात्र कुठे लिहून ठेवलेले नाही.

मुंबईला जुहूच्या मैदानावर जे. आर. डीं.चे काम संपले आणि तेथून व्हिन्सेंटनी विमान घेऊन बेल्लारीमार्गे मद्रास गाठले. म्हणजे पहिल्या फेरीचा अर्धा भाग या मनुष्याचा. जुहूचे ते मैदान समुद्राच्या काठची चिखलट जागा होती. पावसाळ्यात तेथे पाणी साचे, म्हणून सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. कचेरी म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. विमानात बिनतारी यंत्र नाही, रात्रीचे दिवे नाहीत. खाली नदी आणि रेल्वेचा रूळ दिसेल त्यावरून वाट ओळखायची. तिसरे वैमानिक होमी भरुचा. अशा स्थितीत १९३३ साली, पहिल्या पुऱ्या वर्षात, त्यांनी १५५ उतारू आणि जवळजवळ ११ टन टपाल नेले.

व्हिन्सेंट पुढे दहा वर्षेही राहिले नाहीत. महायुद्ध चालू असता जानेवारी १९४२ मध्ये ते विमानाने विलायतेहून परत यायला निघाले आणि ते विमान पोहोचलेच नाही. जे. आर. डी. तेव्हा ३७ वर्षांचे होते. ज्याने पहिली कल्पना आणली, झोपडीत बसून हिशेब मांडले, तो मित्र सहा वर्षांनी निघालेली लंडनची विमानसेवा पाहायला नव्हता. १९४६ साली टाटांच्या विमान कंपनीचे नाव एअर-इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या दिवसाची वर्णने वाचताना मला व्हिन्सेंटची फार आठवण होते. पाहिलेल्या माणसाचीच आठवण व्हावी असा काही नियम नाही.

जे. आर. डीं.चा स्वभाव आपणा गृहिणींना चांगला कळेल असा होता. विमानात बसले की त्यांची नजर सगळीकडे फिरायची. पडदा नीट आहे का, खुर्ची मोडकी आहे का, संडास स्वच्छ आहे का, हे स्वतः बघून ते टिपण काढीत आणि साहेबलोकांकडे पाठवीत. एकदा त्यांनी लिहिले की विमानात मिळणाऱ्या चहाचा आणि कॉफीचा रंग ओळखू येत नाही इतका सारखा असतो. कचेरीतल्या टेबलावर धूळ दिसली तर फडके मागून स्वतःच पुसायला लागत. हाताखालच्यांना त्याचा जाच होत असणारच. सासूबाईंनी डब्यावरून बोट फिरवून धूळ दाखवली म्हणजे आपल्याला कसे होते! पण ज्याला दुसऱ्याचा जीव आकाशात सांभाळायचा आहे त्याने धुळीकडे काणाडोळा करून कसे चालेल, असे मला वाटते.

आता आपल्या जवळची गोष्ट. जानेवारी १९४९ पासून रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले आणि त्याचे मधले ठाणे नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांनी विमाने निघून मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमत, आपापसांत थैल्या आणि उतारू बदलीत, आणि पहाटेपूर्वी आल्या वाटेने परत जात. बारा गावचे लोक जत्रेला यावेत तसा तो मेळा. रात्री उतरण्याची व्यवस्था पुरी झाल्याशिवाय ही घाई करू नये असे जे. आर. डीं.चे मत होते आणि त्यावरून त्यांचे त्या वेळचे मंत्री रफी अहमद किडवाई यांच्याशी वाजलेही. टपाल चालू झाले, लोकांची सोय झाली, किडवाईंचे कौतुकही झाले. पण डिसेंबर १९५३ मध्ये याच टपालाचे एक विमान नागपूरहून उडताच कोसळले. १४ जणांपैकी १३ गेले, एकटे वैमानिक वाचले. विमान धंद्याचे तोवर राष्ट्रीयीकरण झाले होते, १ ऑगस्ट १९५३ रोजी. देशातली वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशची एअर-इंडियाकडे गेली. जे. आर. डीं.ना ते राष्ट्रीयीकरण पसंत नव्हते, तरी एअर-इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे सांभाळले.

या पंचवीस वर्षांतली एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण तीत आपली मराठी माणसे आहेत आणि एक मुलगीही आहे.

एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील देशांची परिषद भरायची होती. चीनच्या मंडळींना नेण्यासाठी एअर-इंडियाचे 'कश्मीर प्रिन्सेस' हे विमान भाड्याने घेतले होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यातून जाणार अशी बोलवा होती; ते त्यातून गेले नाहीत. ११ एप्रिल रोजी हे विमान हाँगकाँगहून निघाले. उतारू ११, कर्मचारी ८. कॅप्टन जटार मुख्य वैमानिक, दीक्षित त्यांचे जोडीदार, पाठक दिशादर्शक, आणि अनंत कर्णिक हे यंत्राची देखभाल करणारे इंजिनियर. हवाई सुंदरी होती ग्लोरिया बेरी.

खाली समुद्र, वर १८ हजार फूट उंची, आणि मध्येच स्फोट झाला. विमानात धूर कोंदला, पंखाला आग लागली. हाँगकाँगला विमान उभे असता चाकाच्या खणात घड्याळाचा बाँब ठेवलेला होता, हे नंतर चौकशीत निघाले. तेथील एका सफाई कामगारावर संशय होता. तो फॉर्मोसाला पळून गेला. कॅप्टन जटारांनी त्या धुरात आपण कुठे आहोत याची खबर बिनतारी यंत्राने पाठवली आणि जळते विमान समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न केला. ग्लोरिया बेरी एकेका उतारूपाशी जाऊन पाण्यावर तरंगण्याची जाकिटे वाटीत होती. विचार करा, भगिनींनो. समोर आग दिसते आहे, आपण कुठे जाणार हे कळते आहे, आणि हातातले काम सोडायचे नाही. घरात तव्यावरची पोळी करपली तरी आपण गोंधळतो.

विमान पाण्यावर आदळून फुटले. १९ पैकी १६ माणसे गेली. जटार गेले, ग्लोरिया गेली. कर्णिक, दीक्षित आणि पाठक हे तिघेच वाचले. ते जखमी स्थितीत कितीतरी तास रात्रीच्या समुद्रात पोहत एका बेटाला लागले. तेथल्या कोळ्यांनी त्यांना आधार दिला आणि पुढे इंग्रजांच्या आरमारी जहाजाने त्यांना नेले. जटारांना आणि ग्लोरिया बेरीला सरकारने मरणोत्तर अशोकचक्राचा मान दिला. कर्णिकांनी या प्रसंगावर पुढे पुस्तक लिहिले. मला त्यात मोल वाटते ते हे की वाचलेल्या माणसाने गेलेल्यांची हकीगत लिहून ठेवली. नाहीतर जटारांनी शेवटच्या घटकेला काय केले, ग्लोरियाने काय केले, हे कोण सांगणार होते? नीरजा भनोटचे नाव आपल्या मुलींना सिनेमामुळे ठाऊक आहे, आणि ते असायलाच हवे. नीरजा १९८६ साली गेली. ग्लोरिया तिच्या ३१ वर्षे आधी.

अपघातांची यादी मी देत बसणार नाही. 'मलबार प्रिन्सेस' १९५० मध्ये युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले, आणि १९६६ मध्ये त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' आदळले. त्यात डॉ. होमी भाभा गेले हे आपण शाळेत शिकलो. त्याच विमानात कर्मचारीही होते, हे पुस्तकात नव्हते. १ जानेवारी १९७८ रोजी 'एम्परर अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात पडून २१३ जण गेले. त्यानंतर महिनाभरातच सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून काढले. त्यांना ते सरकारकडून सरळ कळलेही नाही. ज्यांना त्यांच्या जागी नेमले त्यांच्याच तोंडून कळले. ४५ वर्षे ज्याने ते घर बांधले त्याला असे उंबऱ्याबाहेर करावे हे मला तरी शोभले नाही असे वाटते. त्या वेळी कंपनीतले दोन वरिष्ठ सहकारी, अप्पुस्वामी आणि नारी दस्तूर, यांनी राजीनामे दिले. नोकरी सोडणे सोपे नसते. ज्याच्याबरोबर उन्हातान्हात काम केले, त्याच्यासाठी माणसे असे करतात.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथ नावाचे जुने विमान कराचीहून स्वतः चालवीत जुहूला आणले. पन्नास वर्षे झाली म्हणून. उतरल्यावर लोकांनी हार घातले, टाळ्या वाजवल्या. पण पहिल्या दिवशी जुहूला ज्यांच्या हाती त्यांनी विमान सोपवले होते ते व्हिन्सेंट चाळीस वर्षांपूर्वीच गेले होते. १९९२ मध्ये जे. आर. डीं.ना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते जिनिव्हा येथे वारले. पॅरिसला त्यांना पुरले आहे. मधल्या काळात, २३ जून १९८५ रोजी, 'कनिष्क' विमान बाँबने समुद्रावर फुटून ३२९ जण गेले. त्यांत कर्मचारी होते २२.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले तिचे विमान उडताच कोसळले. विमानातल्या २४२ पैकी एकच उतारू वाचला. १२ कर्मचारी गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीही होत्या. टीव्हीवर त्यांचे हसरे फोटो पाहून आपल्या मंडळाच्या खोलीत त्या दिवशी कुणी शिवणयंत्राला हात लावला नव्हता. अहमदाबाद म्हणजे तेच, जिथे बैलगाडीतून पेट्रोलचे डबे आले होते.

हे सगळे वाचत असता मी आपल्या मंडळाच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. भिंतीवर आपल्या पहिल्या अध्यक्षबाईंचा फोटो आहे, त्याला आपण दर वर्षी हार घालतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्याबरोबर घरोघर फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या, शेवया-पापडाला बसणाऱ्या, बाळंतिणीच्या घरी रात्र काढणाऱ्या ज्या बाया आता नाहीत, त्यांची नावे वहीत धड लिहिलेली नाहीत. कुठे "पाटलाची सून", कुठे "मास्तरीणबाई", कुठे नुसताच अंगठा. कार्यकारिणीला विचारून यंदाच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर त्या सगळ्यांची नावे छापायचे ठरले आहे. जुन्या बायांना विचारून बहुतेक नावे जमली. दोन अंगठ्यांची अजून लागलेली नाहीत. ज्या घरी ठाऊक असेल त्यांनी छापण्यापूर्वी, बुधवारी दुपारी, मंडळाच्या खोलीत येऊन सांगावे. वही टेबलावरच ठेवलेली आहे.