टक्केवारीतला पूर्वज

मंडळी, हल्ली लाळेचा नमुना पाठवला की काही आठवड्यांत अहवाल येतो. इतके टक्के दक्षिण आशियाई, इतके टक्के पश्चिम आशियाई. मग माणूस विचारतो, हे टक्के माझ्या नेमक्या कुठल्या पूर्वजाचे? आज चिखलोलीत बसून आपण हा प्रश्न कोकणातल्याच एका उदाहरणावर तपासून बघू.

बेने इस्रायली, म्हणजे आपले शनिवार तेली. आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर. घरात मराठी, धर्म यहुदी. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंश. त्या चौदांपैकी एकाचंही नाव उरलेलं नाही.

2016 साली या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळक दिसले. हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं निघालं. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 चं; साधारण त्या सुमारापासून पुढची काही शतकं धरा. आता बघा, हा काळ मिश्रणाचा आहे, आगमनाचा नव्हे. माणसं त्याआधी येऊन राहिलेली असू शकतात. शिवाय ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून जास्त, असंही दिसलं.

इथे खरी अडचण आहे. ज्यू धर्मशास्त्र वंश आईकडून मोजतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये गेलेल्या या मंडळींच्या विवाहांवर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, आई-आजीच्या वंशाची चौकशी मागितली. लोक धरणं धरून बसले. 1964 मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं. कल्पना करा, तेव्हा ही चाचणी असती तर? आईकडचा भारतीय वारसा त्यांच्याच विरुद्ध पुरावा झाला असता. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या सुंता आणि ‘शेमा’ जपणाऱ्या माणसांची निष्ठा कुठल्या नळीत मोजणार?

हिशेबही समजून घ्या. सातव्या पिढीमागच्या एका पूर्वजाचा सरासरी वाटा 128 मध्ये 1, एक टक्क्याहून कमी. आणखी मागे गेलं तर त्याचा एक तुकडाही आपल्यात उरला नसेल. शिवाय टक्के ठरतात ते आज जिवंत असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून. नमुने बदलले की टक्के बदलतात, पूर्वज काही बदलत नाही.

म्हणून टक्के ही दिशा समजा, पत्ता समजू नका. पत्ता हवा असेल तर त्याच चाचणीत जुळणारे नातेवाईक बघा, कबरीवरचा लेख वाचा, आडनावातलं गाव गाठा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. चाचणी पुढच्या वर्षीही करता येईल, ती माणसं तेव्हा असतीलच असं नाही.