१४ मार्च : लोकप्रिय संगीताचा दिनविशेष

मार्च, १४ : ग्रेगोरियन वर्षातील ७३वा (लीप वर्षात ७४वा) दिवस. भारतीय चित्रपटगीताचा जन्म या तारखेचा. मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १९३१ साली याच दिवशी पडद्यावर आला. मराठी गाण्यातली दोन अगदी वेगळ्या वळणाची माणसे, दादा कोंडके (१९९८) आणि सुरेश भट (२००३), याच तारखेला गेली. अमेरिकी संगीतात क्विन्सी जोन्स यांचा जन्म आणि डॉक पोमस यांचा मृत्यू या दिवशी नोंदला आहे.

घटना

१९३१ : ‘आलम आरा’. इंपीरियल फिल्म कंपनीचे अर्देशिर इराणी यांनी ‘शो बोट’ हा अमेरिकी बोलपट मुंबईत पाहिला आणि आपणही बोलपट काढायचा असे ठरवले. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाची कथा त्यांनी निवडली. पारशी नाटक गाण्यांवर उभे असे, त्यामुळे बोलपटही गाणी घेऊनच आला. जबाबदारी मोठी होती आणि साधने तुटपुंजी. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी, एकाच यंत्रणेवर टिपले जात. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून असल्याने दिवसा गाड्यांची धडधड ध्वनिमुद्रणात उतरे. म्हणून बरेचसे चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर केले गेले. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवत आणि वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवत. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. ते १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून रूढ झाले. तोवर पडद्यावर जो ओठ हलवी, त्यालाच गावे लागे.

चित्रपटात सात गाणी होती. फकिराच्या भूमिकेतील वझीर मोहम्मद खान यांनी हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीवर गायलेले ‘दे दे खुदा के नाम पे’ हे पहिले भारतीय चित्रपटगीत मानले जाते. संगीताचे श्रेय सामान्यतः फिरोजशहा मिस्त्री यांना दिले जाते; काही ठिकाणी बी. इराणी यांचेही नाव जोडलेले आढळते. नायिका झुबेदा, नायक मूकपटांच्या काळातले लोकप्रिय मराठी नट मास्टर विठ्ठल. पृथ्वीराज कपूर यांचीही यात भूमिका होती. विठ्ठल यांची उर्दू कच्ची असल्याने त्यांच्या वाट्याचे संवाद कमी केले गेले, असे सांगितले जाते. मॅजेस्टिक या चित्रपटगृहाबाहेर इतकी गर्दी उसळली की बंदोबस्ताला पोलीस आणावे लागले. चार आण्यांची तिकिटे काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली.

या गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या नाहीत. चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यातील आगीत शेवटची प्रत जळाली अशी बातमी पसरली होती. मात्र राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी अशी प्रत संग्रहालयात कधी नव्हतीच, असे स्पष्ट केले. भारतातल्या सर्वांत लोकप्रिय गीतप्रकाराची सुरुवात त्यामुळे आता फक्त जाहिराती, छायाचित्रे, गाण्यांचे शब्द आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी यांतून जुळवावी लागते. पुढच्याच वर्षीचा, १९३२चा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकला. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो आणि आज उपलब्ध असलेल्या भारतीय बोलपटांत सर्वांत जुना मानला जातो. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि दुर्गा खोटे यांचा स्वतःचा गाता आवाज त्यात आजही ऐकायला मिळतो. एका वर्षाच्या अंतराने तयार झालेल्या दोन बोलपटांपैकी एकाचा आवाज कायमचा हरपला, ही भारतीय संगीताची मोठी हानी आहे.

१९५८ : अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने पहिली अधिकृत सुवर्ण तबकडी जाहीर केली. मानकरी गायक पेरी कोमो, गाणे ‘कॅच अ फॉलिंग स्टार’. दहा लाख प्रतींच्या खपाची ही खूण होती. त्याआधी, १९४२ साली, ग्लेन मिलर यांना त्यांच्याच कंपनीने सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली होती, पण ती कंपनीची घरची प्रसिद्धी होती. १९५८पासून खप मोजण्याचे आणि तो जाहीर करण्याचे काम कंपनीच्या हातून निघून संघटनेकडे गेले.

१९७२ : १४वा ग्रॅमी पुरस्कार सोहळा, न्यूयॉर्क. कॅरोल किंग यांच्या ‘टॅपेस्ट्री’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण (‘इट्स टू लेट’) आणि सर्वोत्कृष्ट गीत (‘यू हॅव्ह गॉट अ फ्रेंड’) हे सन्मानही त्यांचेच. इतरांसाठी पडद्याआड गाणी लिहिणारी एक बाई स्वतःच्या आवाजात गाऊ लागली आणि त्या वर्षीचे तिन्ही मोठे पुरस्कार घेऊन गेली. त्याच समारंभात वाद्यसंगीताच्या एका विभागात क्विन्सी जोन्स यांना ‘स्मॅकवॉटर जॅक’साठी पुरस्कार मिळाला. तो दिवस त्यांचा ३९वा वाढदिवस होता, आणि ज्या गाण्यावरून अल्बमला नाव पडले ते गेरी गॉफिन व कॅरोल किंग यांचे, ‘टॅपेस्ट्री’तलेच.

जन्म

१८०४ : योहान स्ट्राउस (थोरले), व्हिएन्ना. वॉल्ट्झ नृत्याला लोकप्रिय करणारे वाद्यवृंदप्रमुख. ‘राडेट्स्की मार्च’ (१८४८) त्यांचाच.

१९१८ : के. व्ही. महादेवन. तमिळ-तेलुगू चित्रपटांचे संगीतकार. उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘कंदन करुणै’साठी त्यांना मिळाला. आधी शब्द, मग चाल ही त्यांची पद्धत. गीतकाराने लिहिलेला कागद समोर ठेवून ते चाल बांधत. ‘शंकराभरणम्’मधील त्यांच्या गाण्यांनी एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांना पार्श्वगायनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

१९३३ : क्विन्सी जोन्स, शिकागो (मृत्यू ३ नोव्हेंबर २०२४). लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक म्हणून सुरुवात. नंतर पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण. काउंट बेसी यांच्या वृंदासह फ्रँक सिनात्रा यांच्यासाठी केलेली वाद्ययोजना आणि मायकल जॅक्सन यांचे ‘ऑफ द वॉल’ (१९७९), ‘थ्रिलर’ (१९८२) व ‘बॅड’ (१९८७) हे अल्बम यांवर त्यांची कीर्ती उभी आहे. २८ जानेवारी १९८५च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये चाळीसहून अधिक गायकांना एकत्र बसवून ‘वी आर द वर्ल्ड’ त्यांनी ध्वनिमुद्रित केले. स्टुडिओच्या दारावर अहंकार बाहेर ठेवून येण्याची सूचना लावली होती. एकूण २८ ग्रॅमी.

मृत्यू

१९९१ : डॉक पोमस, न्यूयॉर्क. ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’चे गीतकार, मॉर्ट शुमन यांचे सहकारी. बालपणीच्या पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणाऱ्या पोमस यांनी स्वतःच्या लग्नात पत्नीला इतरांसोबत नाचताना पाहिले. त्या आठवणीतून हे गाणे आल्याचे सांगितले जाते. सुरेश भट यांच्याही एका पायाला लहानपणी पोलिओने अधूपण आले होते. दोघेही शब्दांचे कारागीर, आणि मृत्यूची तारीखही एकच.

१९९८ : दादा (कृष्णा) कोंडके, मुंबई. जन्म ८ ऑगस्ट १९३२, नायगाव. बँडपथक, सेवा दलाचे कलापथक, मग वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य. त्यांचे काम पाहून आशा भोसले यांनी चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, असे म्हणतात. पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’नंतर ‘सोंगाड्या’ने (१९७१) त्यांना घराघरात नेले. त्यांच्या सलग नऊ मराठी चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला आणि हा विक्रम गिनीज बुकात गेला.

द्वयर्थी संवादांवरून त्यांच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. संगीतातली कामगिरी मात्र झाकली राहिली. आपली बरीच गाणी त्यांनी स्वतः लिहिली. ‘ढगाला लागली कळ’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. उषा मंगेशकर आणि अमृतसरचे महेंद्र कपूर ही गायकजोडी त्यांनी वर्षानुवर्षे कायम ठेवली. ‘पांडू हवालदार’साठी (१९७५) दोन नव्या संगीतकारांना संधी देऊन ‘राम-लक्ष्मण’ हे नावही त्यांनीच दिले. राम लवकर गेले. लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील यांनी जोडनाव सोडले नाही. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) त्याच नावाने देशभर वाजला. लोकनाट्यातली ढोलकी आणि संबळ शहरी चित्रपटगृहात मानाने बसवण्याचे काम दादांइतक्या सातत्याने फार थोड्यांनी केले.

२००३ : सुरेश भट, नागपूर. जन्म १५ एप्रिल १९३२, अमरावती. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’, ‘झंझावात’ हे प्रमुख संग्रह. माधव जूलियन यांच्या ‘गज्जलांजली’नंतर मागे पडलेला गझलप्रकार भट यांनी मराठीच्या बोलीत रुजवला. ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका लिहून नवोदितांना वृत्त, काफिया आणि रदीफ शिकवले. होतकरू कवींच्या रचना ते पत्रांतून तपासून देत. मराठीत आज गझल लिहिणारी जी मोठी फळी आहे, तिची पाळेमुळे या पत्रव्यवहारात आहेत.

हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लता-आशा यांचे स्वर यांमुळे त्यांची कविता घरोघरी पोहोचली. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या जब्बार पटेल यांच्या चित्रपटांतली त्यांची गीते सभा-मोर्च्यांपासून मैफलींपर्यंत गायली जातात. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही बांधणीने गझल आहे. ‘मेंदीच्या पानावर’ हे गीत. दोन्ही सरसकट गझल म्हणून सांगितली जातात, ते बरोबर नाही. मंचावरून मराठी गझल गाण्याची परंपरा पुढे भीमराव पांचाळे यांनी उभी केली. भट यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, २०१० साली, कौशल इनामदार यांनी त्यांच्या ‘लाभले अम्हास भाग्य’ला शेकडो गायकांच्या आवाजात मराठी अभिमानगीताचे रूप दिले. नागपुरात रेशीमबाग येथील सभागृहाला भट यांचे नाव आहे.

२०१० : विंदा करंदीकर, मुंबई. कवी. वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्यासह केलेल्या जाहीर काव्यवाचनासाठी प्रसिद्ध.